शिकाऱ्याचं वय वाढतं तशी त्याची हौस बदलते का?

हिवाळी_हेमंत

मंडळी, विषय जरा आडवळणाचा आहे. आधीच सांगतो, मी शिकारी नाही, एनसीसीतली रायफल सोडली तर बंदुकीला हात लावलेला नाही. पण बरीच वर्षं अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये राहतोय आणि इथे नोव्हेंबर लागला की शिकारीपासून कोणाची सुटका नाही. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीचा डिअर सीझन उघडतो, नऊ दिवस चालतो, आणि तेवढ्यात साडेपाच-सहा लाख माणसं भडक नारिंगी जाकिटं चढवून रानात जाऊन बसतात. त्या आठवड्यात प्लंबर मिळत नाही, गॅरेजवाला फोन उचलत नाही, ऑफिसात मीटिंग ठेवली तर निम्मी टीम नसते.

आमच्या शेजारचे आजोबा सत्तरी ओलांडलेले, पोरवयापासून जाणारे. यंदा परत आल्यावर विचारलं काय मिळालं, तर म्हणाले नातवाला एक मादी मिळाली, मी थर्मासभर कॉफी प्यायलो. बंदुकीत गोळी भरली होती का असं गमतीत विचारलं तर नुसते हसले. मग त्यांनीच सांगितलं की इथल्या हंटर सेफ्टीच्या वर्गात शिकाऱ्याच्या पाच पायऱ्या शिकवतात. सत्तरच्या दशकात ला क्रॉसच्या विद्यापीठातल्या जॅक्सन आणि नॉर्टन या दोघांनी हजारावर शिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या, त्यातून निघालेलं हे. पहिली पायरी नुसता बार काढायची, आवाज झाला, काहीतरी पडलं, पोरगं खूश. दुसरी कोटा भरायची, जेवढे मारायची परवानगी तेवढे मारूनच घरी यायचं. तिसरी ट्रॉफीची, म्हणजे आता कुठलंही हरीण नको, मोठ्या शिंगांचा नरच हवा. चौथी पद्धतीची, बंदूक सोपी वाटायला लागते म्हणून माणूस धनुष्यबाणाकडे किंवा जुन्या ठासणीच्या बंदुकीकडे वळतो. आणि पाचवी 'स्पोर्ट्समन'ची, जिथे जनावर मिळालं काय न मिळालं काय, रान, सोबत, पोरांना शिकवणं यातच पोट भरतं.

आजोबा पाचवीत आहेत हे उघडच आहे. मला प्रश्न असा पडलाय की हे खरंच वयामुळे होतं का? आपल्याकडच्या जुन्या शिकाऱ्यांमध्ये असं कोणी पाहिलंय का? घरात कोणी बंदूकवालं होतं त्यांनी जरूर लिहा.

आंबोली_पाऊस

आमच्या घरात होती बंदूक. आजोबांच्या नावावर पीकसंरक्षणाचा परवाना, ठासणीची एकनळी, निवडणूक आली की पोलीस स्टेशनात जमा करायची आणि मग परत आणायची. मी लिहितोय ते सगळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आधीचं, माझ्या थोरल्या काकांच्या तोंडून ऐकलेलं, कारण मी तेव्हा जन्मलेलोच नव्हतो.

ती बंदूक भरणं हाच एक सोहळा. नळीत मोजून दारू, त्यावर काथ्याचा बोळा, गजाने ठासायचा, मग छर्रे, परत बोळा, परत ठासायचा, आणि शेवटी टोपी. एवढं करून एकच बार. चुकला तर डुक्कर काय तुम्ही परत भरेपर्यंत थांबतंय होय. त्यामुळे तुमची ती पहिली पायरी, नुसता बार काढायची हौस, ती आमच्याकडे परवडणारीच नव्हती, दारू आणि छर्रे पैशाचे येतात. उगाच बार काढला तर आजोबा कानफटात देत.

वाडीतले पंधरा-वीस जण हाकेला जायचे, डबे बडवत, कुत्री सोडून. तरुण पोरं हाक्यात, कारण धावायचं काम त्यांचं, आणि वाटेवर बंदूक घेऊन बसायचं काम म्हाताऱ्यांचं, म्हणजे वय वाढलं की मारण्याचं काम तुमच्याकडे यायचं! अमेरिकेत उलटं दिसतंय. आजोबा म्हणत, "माका आता धावूक जमना नाय, तुमी हाको काढा, मी हय बसतंय." नंतर डुक्कर पडलं की पानांवर वाटे घालायचे, बार घालणाऱ्याचा वाटा वेगळा, हाकेवाल्यांचा प्रत्येकी एक, आणि ज्याच्या शेतातली नासधूस झाली त्यालाही. आजोबांची हौस शेवटपर्यंत एकच, वाटे नीट पडले पाहिजेत आणि कोणाचं तोंड वाकडं होता कामा नये. ते म्हातारपणी भांडण मिटवायला जास्त आणि शिकारीला कमी जायचे असं काका म्हणतात. ही कुठली पायरी म्हणायची?

बाभूळबन

मस्त धागा. वाचतोय. आंबोली_पाऊस, त्या वाट्यांवर आणखी लिहा.

सु_साधना

मला खरंच कळत नाही यात पायऱ्या कसल्या. मारलं तर मारलंच ना. तरुणपणी हौसेने मारलं आणि म्हातारपणी कॉफी पित बसलं म्हणजे काय साधू झाले का? त्या हरणाला काय फरक पडतो.

हिवाळी_हेमंत

@सु_साधना, फरक पडतो असं मी म्हणतच नाहीये. आजोबा साधू नाहीत, त्यांच्या फ्रीझरमध्ये आत्ता पण हरणाचं मटण आहे आणि त्यातलं थोडं आमच्याकडेही आलंय. पण माणसाला काय हवं असतं आणि ते का बदलतं, हा प्रश्न हरणाच्या बाजूने नाही, माणसाच्या बाजूने आहे. शाकाहार-मांसाहाराचा धागा वेगळा चालू आहे, तिकडे भेटू.

सु_साधना

तिकडे नको, तिकडे ३०० प्रतिसाद झालेत आणि कोणी कोणाचं ऐकत नाहीये. इथेच वाचते.

जुनं_खोड

ही पायऱ्यांची भानगड दिसायला छान आहे पण मोठे शिकारी त्यात बसत नाहीत. जिम कॉर्बेटचंच घ्या. १८७५ चा जन्म. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारली तेव्हा बत्तिशीत होता, १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा बिबट्या, तेव्हा पन्नाशी उलटलेली. विसाच्या दशकात त्याने कॅमेरा हातात घेतला, वाघांची फिल्म काढायला लागला, आणि लोक म्हणतात बघा, शिकारी बदलला. पण १९३० मध्ये त्याने पवलगढचा तो प्रचंड वाघ मारला, जो नरभक्षक नव्हता, नुसता मोठा होता. म्हणजे कॅमेरा हातात आल्यावरसुद्धा तुमची ती तिसरी पायरी सुटली नव्हती. आणि १९३८ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, ठाकची वाघीण. हे चढत जाणं नाही, एकाच माणसात सगळं एकाच वेळी चालू आहे.

थिओडोर रूझवेल्ट तर आणखी भारी. १९०२ मध्ये मिसिसिपीत झाडाला बांधलेलं अस्वल मारायला नकार दिला, त्यावरून टेडी बेअर आलं, हे सगळ्यांना माहिती. पण १९०९ मध्ये अध्यक्षपद सोडल्यावर पन्नाशीत आफ्रिकेला गेला आणि मुलासोबत मिळून ५१२ जनावरं मारली, स्वतः २९६. संग्रहालयासाठी नमुने गोळा करतोय म्हणून. आता सांगा तो चाळिशीत पाचवीवर होता आणि पन्नाशीत दुसरीवर उतरला का?

आणि सरगुज्याचे महाराज, त्यांच्या नावावर हजाराच्या वर वाघ सांगतात. ते आयुष्यभर आकडाच मोजत राहिले. पैसा, हत्ती, हाकारे, जंगल सगळं स्वतःचं, कोणी अडवणारं नाही. तिथे पायरी बदलायला कारणच काय होतं?

तिरकस_तात्या

जुनं_खोड यांनी नेमकी जागा दाखवली. अडवणारं कोणी आहे का नाही, तिथेच मेख आहे. 'कोटा भरणं' ही पायरी कशी येते? सरकारने कोटा ठरवला म्हणून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विस्कॉन्सिनमध्ये हरणं इतकी घटली होती की काही वर्षं सीझनच बंद ठेवायला लागला, आणि आता पंधरा लाखांच्या वर आहेत असं म्हणतात. जो १९३० साली पोरगा होता त्याला हरीण दिसणंच दुर्मिळ, जो १९९० साली पोरगा होता त्याला दोन-दोन परवाने मिळतात. या दोघांच्या हौसेतला फरक वयाचा का काळाचा?

दुसरी शंका त्याहून मोठी. त्या दोघा प्राध्यापकांनी कोणाला विचारलं? जे शिकार करत होते त्यांना. साठीच्या पुढे जो अजून रानात जातोय तो कशासाठी जात असेल? मटणासाठी जाणारा म्हातारा कधीच थांबलाय, मुलगा आणून देतो. शिंगांसाठी जाणाऱ्याला चढ-उतार झेपत नाही, तो पण थांबलाय. उरला तो ज्याला रानात नुसतं बसायला आवडतं. तो आधीपासूनच तसा होता, बाकीचे गळले म्हणून तोच उरला. मग तुम्ही म्हणता वय वाढलं की माणूस शांत होतो. अहो शांत असलेलेच टिकले!

हिवाळी_हेमंत

तात्या, हा मुद्दा जबरदस्त आहे, मला सुचला नव्हता. पण आजोबांना मी स्वतः ओळखतो, त्यांच्या तळघरात भिंतीवर शिंगांची डोकी आहेत, एकेकावर खाली वर्ष लिहिलेलं, आणि ती वर्षं चाळिशीच्या आसपासची आहेत, पुढे एकही नाही. म्हणजे हा एक माणूस तरी बदललाय, गळून उरलेला नाही. तेव्हा म्हणे ते दर वर्षी बफेलो काउंटीत जायचे, मिसिसिपीच्या काठची टेकाडं, मोठ्या शिंगांसाठी प्रसिद्ध भाग. बून अँड क्रॉकेट क्लबच्या पद्धतीने शिंगं इंचात मोजतात, त्यात १७० वर गेलं की रेकॉर्डबुकात नाव. यांचं कधी गेलं नाही. विचारलं का सोडलं, तर म्हणाले, एका मोठ्या नराच्या मागे पूर्ण सीझन घालवला, तो मिळाला, आणि त्या संध्याकाळी पुढच्या वर्षी काय करायचं तेच कळेना.

वऱ्हाडी_ठेचा

तुमच्या गप्पा मस्त चालल्या हायेत पण एक गोष्ट सांगतो. ही सगळी चर्चा ज्याचं पोट भरलेलं हाये त्याची. आमच्या भागात फासेपारधी. तित्तर, लाव्हे धरायचे, फास्यांची माळ लावून, तित्तराचा आवाज हुबेहूब काढून, गाईच्या आडोशानं जवळ जाऊन. माझ्या लहानपणी बाजाराच्या दिवशी जिवंत तित्तर घेऊन बसलेले दिसायचे. बापाकडून पोरगा शिकला, पोराकडून त्याचा पोरगा. त्यात ट्रॉफी कुठली आणि मेथड कुठली? मेथड तर पहिल्या दिवसापासूनच, कारण बंदूक घ्यायला पैसा कोणाकडे होता.

इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, पारधीही त्यात आले, १९५२ मध्ये तो शिक्का कागदावर पुसला, लोकांच्या डोक्यातून गेला नाही. मग १९७२ चा कायदा आला आणि धंदाच गुन्हा झाला. कायदा चूक हाये असं मी म्हणत नाही. पण तोच तित्तर राजाच्या पोरानं मारला तर शौक आणि पारध्यानं धरला तर चोरी, हे बी बघा. म्हातारा पारधी फासे लावायचं सोडतो तेव्हा तो पाचव्या पायरीवर गेला म्हणून नाही बाप्पा, वनरक्षकाच्या भीतीनं आणि गुडघ्यानं.

बाभूळबन

+१. हे वाचायला मिळतं म्हणून इथे येतो.

डॉ_दमेकरी

गुडघ्याचा विषय निघालाच आहे तर. मी हाडांचा डॉक्टर, मिनेसोटात. तुमच्या आजोबांची पायरी बदलण्यात मनाचा वाटा किती आणि खांद्याचा किती हे एकदा तपासून बघा असं सुचवेन.

पाचपैकी चौथी पायरी म्हणते माणूस मुद्दाम अवघड साधनाकडे वळतो, धनुष्यबाण वगैरे. चाळीस-पन्नाशीत ठीक आहे. साठीनंतर मी जे पाहतो ते बरोबर उलटं. धनुष्याची दोरी ताणायला लागणारी ताकद खांद्यात राहत नाही, रोटेटर कफ, म्हणजे खांदा धरून ठेवणारे स्नायू, फाटलेला असतो, मग हे लोक क्रॉसबो घेतात, जी एकदा यंत्राने ताणून ठेवली की घोडा ओढण्याएवढंच काम. विस्कॉन्सिनमध्ये पूर्वी म्हाताऱ्यांना आणि अपंगांनाच क्रॉसबोची मुभा होती, २०१४ पासून सगळ्यांना झाली. म्हणजे वय वाढलं की साधन अवघड होत नाही, सोपं होतं!

झाडावरच्या मचाणातून, म्हणजे ट्री स्टँडवरून पडणारे तर दर सीझनला येतात, मणका किंवा टाच फुटलेली. एकदा पडला की तो माणूस पुढच्या वर्षी जमिनीवरच्या खोपटात खुर्ची टाकून बसतो, हीटर लावून. त्याला विचारा तर म्हणेल आता मला निसर्ग बघायला आवडतो. आवडतच असेल. पण खुर्चीवरून दुसरं करण्यासारखं काय आहे?

आणि मेलेलं हरीण रानातून गाडीपर्यंत ओढत आणायचं असतं. थंडीत, बर्फात, वर्षभर सोफ्यावर बसलेल्या माणसाने. हृदयावर काय ताण येतो विचारू नका. म्हणून शहाणे म्हातारे मारतच नाहीत, मारलं तर ओढायला नातू लागतो.

तिरकस_तात्या

हा हा! म्हणजे नातवाला शिकवण्याची तळमळ ही खरं तर हमालाची सोय.

कॅमेरावाली

मी पक्षी बघणारी, कोणाला मारत नाही, पण हा धागा वाचताना आरशात बघतेय असं झालं. सुरुवातीला दिसेल त्याच्यावर क्लिक क्लिक, साळुंकीचे दोनशे फोटो. मग लाइफरचा, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसणाऱ्या पक्ष्याचा हव्यास, यादी वाढली पाहिजे, ग्रुपवर कोणी नवीन पक्षी टाकला की रात्रीच्या रात्री गाडी काढायची. मग ट्रॉफी म्हणजे ताडोबात वाघ थेट समोरून चालत येतानाचा फोटो, बाकी जंगल गेलं खड्ड्यात, गाईडला वाघच दाखव म्हणून छळायचं. आता मी घरामागच्या ओढ्यावर दुर्बीण घेऊन बसते आणि कॅमेरा बरेचदा घरीच असतो. पण माझं वय चौतीस आहे! म्हणून मला वाटतं हे वयाचं नाहीच, त्या छंदात किती वर्षं घालवली त्याचं आहे. पन्नाशीत कॅमेरा घेतलेले रिटायर्ड काका बघा, ते सगळे यादीच्या पायरीवर धावतायत, आमच्यापेक्षा जोरात.

जुनं_खोड

कॅमेरावाली, चांगलं लिहिलंत. सलीम अलींचं आठवलं. लहानपणी मुंबईत छर्र्याच्या बंदुकीने चिमणी पाडली, गळ्यावर पिवळा डाग दिसला म्हणून काकांनी बीएनएचएसमध्ये, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं आणि तिथून सगळं सुरू झालं. ही गोष्ट लोक अशी सांगतात की जणू त्या दिवशी बंदूक खाली ठेवली. छे! पुढे कित्येक वर्षं ते शास्त्रासाठी पक्षी मारूनच नमुने गोळा करत होते, त्या काळात तीच रीत होती. कृती तीच, चाप तोच, कारण मात्र बदललेलं. इथे पायरीची गोष्ट लागू पडते असं मला वाटतं, फक्त ती हात थांबण्याची नाही.

मावशी_मिडवेस्ट

मी सहसा वाचनमात्र असते पण इथे लिहावंसं वाटलं. आमचा मुलगा इथेच जन्मलेला. शाळेतल्या मित्रांसोबत हंटर सेफ्टीचा कोर्स केला, विस्कॉन्सिनमध्ये १९७३ पासून पुढे जन्मलेल्या प्रत्येकाला तो लागतोच. घरात गणपती बसवणारे आम्ही, आणि हा नारिंगी टोपी घालून पहाटे चार वाजता मित्राच्या बाबांच्या ट्रकमध्ये. यांना अजिबात पसंत नव्हतं. मला भीती बंदुकीची होती, हरणाची नव्हे, खरं सांगते.

पहिल्या वर्षी काही मिळालं नाही. दुसऱ्या वर्षी मिळालं. मित्राच्या बाबांनी त्यालाच पोट फाडून आतडी काढायला लावली, तिथल्या तिथे, रानात, हात कोपरापर्यंत गरम आणि बाहेर बर्फ, वाफ निघत होती म्हणाला. मूत्राशय फुटू द्यायचं नाही, नाहीतर मांस वाया, हे तो मला जेवणाच्या टेबलावर समजावून सांगत होता. मला वाटलं घाबरला असेल, रडला असेल. कसलं काय, भूक लागली होती.

मग हरणाचं डोकं तपासणीला दिलं. २००२ पासून इथे हरणांमध्ये तो मेंदूचा रोग सापडतोय, सीडब्ल्यूडी, तो माणसाला होतो असं सिद्ध झालेलं नाही पण रोगी हरीण खाऊ नका म्हणतात. रिपोर्ट येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये पडून. आला तेव्हा मी खोबरं-कांदा भाजून सुकं केलं आणि ज्यांना पसंत नव्हतं त्यांनी दोनदा वाढून घेतलं.

आणि पुढच्या वर्षी तो गेलाच नाही. मित्र कॉलेजला दुसऱ्या राज्यात गेला. मी विचारलं, तर म्हणाला, एकट्याने काय जायचं. हेमंत, तुमच्या पाच पायऱ्यांत हे कुठेच नाही. तो हरणासाठी गेलाच नव्हता हो, तो त्या ट्रकसाठी गेला होता, पहाटेच्या डोनटसाठी, त्या बाबांनी त्याला मोठ्या माणसासारखं वागवलं त्यासाठी. म्हातारे लोक सोबतीसाठी जातात म्हणता, पोरंही सोबतीसाठीच जातात. मधल्या वयातले तेवढे शिंगं मोजत बसतात.

आंबोली_पाऊस

मावशी, टाळ्या! आमच्या हाक्यात तेच. काकांना अजून कुठलं डुक्कर कधी पडलं ते आठवत नाही, पण कोण कोणाच्या शेजारी उभा होता आणि कोणाचं धोतर काटेरी कुंपणात अडकलं ते सगळं पाठ.

हिवाळी_हेमंत

मावशींनी धागा भलतीकडेच नेला आणि बरं केलं. आता इथलंच एक उदाहरण देतो, मग आजोबांना विचारलेलं लिहितो.

आल्डो लिओपोल्ड, निसर्गावर लिहिणारा, १८८७ चा जन्म, वनखात्यात लागला तेव्हा जेमतेम विशीत. अ‍ॅरिझोनात लांडगीण दिसली की गोळी घालायचीच, कारण लांडगे कमी म्हणजे हरणं जास्त, आणि हरणं जास्त म्हणजे शिकाऱ्यांची चंगळ, असं तेव्हा सगळेच मानायचे. त्या मरणाऱ्या लांडगिणीच्या डोळ्यांबद्दल त्याने लिहिलंय, ते जगप्रसिद्ध आहे. पण लिहिलं कधी? १९४४ मध्ये. गोळी १९०९ ची. म्हणजे मधली पस्तीस वर्षं! त्या काळात तो पुढची कित्येक वर्षं लांडगे संपवायच्याच बाजूने होता, मग लांडगे गेल्यावर हरणांनी डोंगर बोडके केलेले त्याने पाहिले, मॅडिसनला प्राध्यापक झाला. मधल्या काळात स्वतः धनुष्यं बनवायला लागला, हाताने लाकूड तासून, बायकोही तिरंदाजीत तरबेज, म्हणजे चौथी पायरी अगदी पुस्तकातल्यासारखी. पण शिकार त्याने सोडली नाही. १९४८ मध्ये शेजाऱ्याच्या शेतातला वणवा विझवताना हार्ट अटॅकने गेला.

तात्यांच्या शंकेला मला हे उत्तर वाटतं. बदल होतो, पण तो वाढदिवसांनी आपोआप होत नाही. लिओपोल्डने बोडका डोंगर पाहिला नसता तर म्हातारपणीही लांडगेच मोजले असते. सरगुज्याच्या महाराजांना बोडका डोंगर दिसला नसावा, किंवा दिसला तरी फिकीर नव्हती.

तिरकस_तात्या

मान्य, अर्धं. तुमच्या लिओपोल्डला पगार त्याच कामाचा होता, डोंगर बघायचा. साध्या माणसाला कोण पगार देतो बघायला.

हिवाळी_हेमंत

साध्या माणसाचंच ऐका. काल आजोबांकडे ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायला गेलो होतो, तेव्हा तुमचे सगळे मुद्दे मोडक्यातोडक्या भाषांतरात सांगितले. डॉक्टरांच्या खांद्याच्या मुद्द्यावर त्यांनी शर्टाची बाही सरकवून ऑपरेशनचा व्रण दाखवला. क्रॉसबो त्यांच्याकडेही आहे. नातू हमाल आहे का, यावर म्हणाले अर्थातच, मी पण माझ्या आजोबांचा हमाल होतो.

मग खरं काय ते विचारलं, मारावंसं वाटत नाही का? म्हणाले, वाटतं. पानांत खसखस झाली की छाती अजून धडधडते, ज्या दिवशी धडधडणार नाही त्या दिवशी लायसन्स घेणार नाही. पण आता धडधड झाल्यावर ते थांबतात आणि बघतात नातवाने ऐकलं का. त्याने ऐकलं असेल तर त्याचा बार, नसेल तर हरीण गेलं. मी म्हटलं यात त्याग वगैरे आहे का, तर म्हणाले कसला त्याग, मांस कापायला, पॅकिंग करायला पूर्ण दिवस जातो आणि बायको आता सॉसेज खात नाही.

डॉ_दमेकरी

धडधडीचं ईसीजी करून घ्या म्हणावं.

सु_साधना

वाचत होते. त्या भिंतीवरच्या डोक्यांचं पुढे काय होणार ते विचारलंत का? मला तेच जास्त वाटलं, एवढी मारून ठेवलीत ती.

हिवाळी_हेमंत

@सु_साधना, विचारलं नव्हतं पण विषय निघालाच. मुलगा शिकागोला फ्लॅटमध्ये राहतो, सुनेने स्पष्ट सांगितलंय एकही घरात येणार नाही. विकायला काढली तर पेंढा भरायला दिलेल्या पैशाच्या चतुर्थांशही येत नाहीत, सगळीकडच्या तळघरांतून एकदमच बाहेर पडतायत, त्या पिढीचं वय झालंय ना. दोन त्यांनी गावातल्या बारला दिली. एक नातवाला हवं होतं, पण सगळ्यात मोठं नाही, एक साधं आठ टोकांचं, कारण त्याला त्या दिवशीची गोष्ट पाठ आहे. बाकीची तळघरातच आहेत आणि आजी म्हणतात यांच्या आधी मी गेले नाही तर गॅरेज सेल लावणार.

वऱ्हाडी_ठेचा

गॅरेज सेलची तारीख कळवा बाप्पा, आमच्या तात्याला एक डोकं पाहिजेच हाये.

तिरकस_तात्या

आमचं आहे तेच कोणी घेत नाही.